सहा तास चाललेली डिस्क

हार्ड डिस्कच्या कडेला स्क्रू बसवायची चार भोकं होती आणि चारही भोकांभोवतीचा रंग खरवडलेला होता. वारिजा टीचरांनी चष्मा कपाळावर सरकवला, डिस्क खिडकीपाशी नेली आणि पुन्हा निरखून पाहिली.

“ग्लॅडसन, ही किती तास चाललीय म्हणालास?”

“सहा तास, टीचर. दुसरीही सहाच. पडद्यावर दिसतंय ना.”

“सहा तासांत हिचे स्क्रू इतक्यांदा कुणी काढले-घातले?”

ग्लॅडसन पिंटो हसला. मूडबिद्रीच्या बस स्टँडमागे त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. आज तो हत्यारांची पिशवी घेऊन टीचरांच्या घरी आला होता, कारण आपली गाण्यांची जुनी डिस्क दुकानात ठेवायला त्यांनी साफ नकार दिला होता. जे काय करायचं ते माझ्या डोळ्यांसमोर कर, असं त्यांचं म्हणणं.

“टीचर, भेंडीचं टोक मोडून बघतात तसं डिस्कचं नाही हो करता येत.”

“अक्कानं लग्नही असंच मोडलं,” धाकटी बहीण सुगंधी स्वयंपाकघरातून म्हणाली. “मुलाच्या शर्टाचं एक बटण वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं शिवलेलं दिसलं म्हणून.”

“आणि त्याला आधीची एक बायको निघाली, तेही सांग त्याला.”

सुगंधीनं भांडी जरा जोरात आपटली.

टीचरांच्या संशयाला कारण होतं. शाळेत शिकवत असताना वीस वर्षं, दर सुट्टीत, त्या आसपासच्या गावांतून फिरल्या होत्या. भातलावणी करताना बायका जी तुळू पाड्दनं, म्हणजे कथागीतं, गातात, ती त्यांनी बांधावर बसून ध्वनिमुद्रित केली होती. दोनशे बारा बायका. त्यांतल्या आज अकरा हयात होत्या. काही पाड्दनं घरच्या भुतांची, म्हणजे कुळाच्या राखणदार दैवतांची होती, आणि ‘बाजारात वाजवणार नाहीस ना?’ असं विचारून, टीचरांचा हात हातात घेऊन मगच त्या बायका गायल्या होत्या. सीडींवर केलेली प्रत बुरशीनं खाल्ली. उरलं ते सगळं एका जुन्या डिस्कवर होतं, आणि ती डिस्क आठवडाभर टकटक आवाज करत होती.

ते दुसऱ्या दोन डिस्कवर उतरवायचं होतं; बजेट आठ हजारांचं. एप्रिलात वीज रोज जायची आणि घरातला इन्व्हर्टर छोटा, म्हणून यंत्र कमी वीज खाणारंच हवं होतं. कुठल्याशा कार्यालयानं मोडीत काढलेला, तळहातावर मावेल एवढा, पंखा नसलेला कॉम्प्युटर ग्लॅडसननं शोधून आणला. जवळजवळ नव्या म्हणून दोन डिस्क बेंगळुरूच्या व्यापाऱ्याकडून बसच्या पार्सलनं मागवल्या. सगळं मिळून अकरा वॅट, असं तो म्हणाला, तेव्हा टीचरांनी घरातले सगळे दिवे, फ्रीज आणि पंखे बंद करून, घड्याळ हातात धरून वीजमीटरसमोर तासभर उभं राहून, त्याच्या दिव्याची लुकलुक मोजून खात्री केली होती. अकराच निघाले.

पण पहिल्याच दिवशी ग्लॅडसन बोलून गेला होता, “एवढी जुनी गाणी? माझ्या चुलतभावाचं चॅनेल आहे, टीचर. असल्या गोष्टींना हल्ली चांगले पैसे मिळतात.” तेव्हापासून त्याच्या प्रत्येक वाक्यात कुठेतरी पाणी मुरतंय असं त्यांना वाटत होतं.

“हे तास पुसून टाकता येतात का?” त्यांनी विचारलं.

त्यानं कीबोर्ड पुढे ओढला. मग मान खाली घालून टाईप करू लागला. डिस्कच्या पोटात आणखी एक नोंद असते, ती पुसायचं बरेच जण विसरतात, असं काहीसं पुटपुटला. पडद्यावर आकडा आला. अडतीस हजार चारशे बारा. दुसऱ्या डिस्कचे त्याहून फक्त तीन तास कमी.

“म्हणजे?”

“चार वर्षांहून जास्त. रात्रंदिवस. एखाद्या दुकानाच्या कॅमेऱ्यांना जोडलेल्या असणार. दोन्ही एकाच पेटीत.”

टीचर पडद्याकडे नव्हे, त्याच्याकडे बघत होत्या. त्याचे कान लाल झाले होते. ढोंग करणाऱ्याचे कान लाल होतात का? वर्गात त्यांनी बत्तीस वर्षं कान पाहिले होते. तरी ठरवता येईना.

ग्लॅडसननं फोन स्पीकरवर टाकून व्यापाऱ्याला गाठलं. पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, “भाऊ, भाव नव्याचा दिला होतास का?” आणि फोन बंद झाला.

“नव्या मागवतो. फरक मी भरतो. तीन दिवस लागतील,” ग्लॅडसन म्हणाला.

टेबलावरची जुनी डिस्क टकटकली, थांबली, पुन्हा टकटकली.

“तीन दिवस ही टिकेल का?”

“नाही सांगता येणार, टीचर.”

“मग आत्ता उतरव. आहेत त्यांच्यावर.”

सकाळी दहाला सुरू झालेली नक्कल दुपारी साडेतीनला संपली. टीचर खुर्चीवरून हलल्या नाहीत. ताटही तिथेच आलं. दोन्ही डिस्क कॉम्प्युटरला जोडायच्या पेटीत बसवायला ग्लॅडसननं स्क्रू उचलले, तसा त्यांनी हात आडवा घातला.

“एकत्र जगल्या त्या एकत्रच मरतील. दोन्ही एका पेटीत नकोत.” आणि मग, “तुमच्या शिर्ताडी गावच्या जुन्या घरी बियाण्याची मुडी कुठे असायची?”

भात पेंढ्यात आवळून बांधतात ती मुडी. त्याला ती चांगली ठाऊक होती. “आमची शेजारच्या शेट्टींच्या माळ्यावर, त्यांची आमच्या. आग लागली, उंदीर झाले, तर एकाचं तरी वाचावं म्हणून.”

“शेट्टी सज्जन होता?”

“कसला! बांध दरवर्षी वीतभर सरकवायचा. पण मुडीची गाठ कधी सोडली नाही, असं आजोबा सांगायचे.”

 एक डिस्क घराबाहेर जायला हवी होती. नुसती कपाटात ठेवूनही चालणार नव्हतं. महिन्यातून एकदा तिला वीज देणारा, तिचा आवाज ओळखणारा माणूस हवा होता. असा माणूस त्यांच्या ओळखीत एकच होता, आणि तो समोर बसला होता.

त्यानंही ते ओळखलं. “कुलूप घालू, टीचर. पासवर्डचा शब्द तुम्ही टाका. मी पाठ फिरवतो.”

तो खरंच भिंतीकडे तोंड करून बसला. टीचरांनी बोटं कळांवर ठेवली. शब्द ठरलेलाही होता. मग त्यांना आपलं वय आठवलं. उद्या आपण नसलो, तर या दोनशे बारा बायका कुलपाआड बसणार. शब्द सुगंधीला सांगावा, तर तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. कागदावर लिहावा, तर मग कुलूप कशाला?

“फिर इकडे,” त्या म्हणाल्या.

“टाकला?”

“नाही.”

ग्लॅडसननं एका डिस्ककडे बोट दाखवलं. “उघडीच नेऊ?”

“उघडीच. पण यातलं एक पाड्दन जरी कुठे वाजलं, तर ते कुठून गेलं हे मला माहीत असेल. शोधत बसावं लागणार नाही.”

“टीचर, हा विश्वास आहे की धमकी?”

“डिस्क डिकीत टाकू नकोस, ऊन लागतं. टॉवेलात गुंडाळ. वाटेत चहाला थांबू नकोस.”

स्कूटर गल्लीच्या टोकाला वळली. सुगंधी दारात येऊन म्हणाली, “अक्का, आता तरी जेवलेलं ताट उचल.” टीचरांनी घड्याळ पाहिलं. त्याचं घर इथून बारा मिनिटांवर होतं. अकराव्या मिनिटाला त्यांनी त्याच्या आईला फोन लावला.