लग्न होऊ दे, मग बघू

वडिलांच्या लाँड्रीत इस्त्री करता करता बडबडी पुन्हा चक्कर येऊन पडली. कुणाला तोंड उघडू देत नसे म्हणून घरचे तिला याच नावाने हाक मारत. शुद्धीवर येताच म्हणाली, "अगं आई, आधी इस्त्री उचल, शर्ट जळेल तो!"

हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी आईवडिलांना समोर बसवलं. "हिच्या हृदयाच्या वरच्या कप्प्याचा इशारा खालच्या कप्प्याला पोचत नाही. पेसमेकर बसवू. दोन तारा, एक वर, एक खाली. दोन्ही कप्पे एकमेकांना धरून चालतील. काम, संसार, सगळं करेल ती."

"आणि धोका?" वडिलांनी विचारलं.

"आहे ना. जखम चिघळू शकते, तार सरकू शकते, क्वचित फुप्फुसाला इजा होते. काही वर्षांनी बॅटरी संपली की यंत्र बदलावं लागतं. पण न बसवण्यात जिवाचाच धोका आहे. उशीर करू नका."

आईने एवढंच विचारलं, "खूण कुठे राहील?"

"गळ्याच्या हाडाखाली."

झालं! तिथेच घोडं अडलं. पोरीचं लग्न ठरलेलं होतं.

"मी सांगते ना त्याला," बडबडी म्हणाली. "नको म्हणाला तर राहिलं."

"खबरदार एक शब्द बोललीस तर!" आईने दटावलं. "लग्न होऊ दे, मग बघू."

काय म्हणावं या माणसांना? लेकीवर जीव ओवाळून टाकणारी माणसं हो ती! पण लोक काय म्हणतील, या धास्तीपुढे डॉक्टरीणबाईंचं बोलणं त्यांच्या कानात शिरलंच नाही.

लग्न तोंडावर आलं असताना बडबडी लाँड्रीत पडली, ती उठलीच नाही.

होणाऱ्या सासूबाई भेटायला आल्या. आईने रडत रडत सगळं सांगून टाकलं. सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी खांद्यावरची शाल बाजूला केली. गळ्याच्या हाडाखाली बोटभर व्रण होता, कातडीखाली छोटा उंचवटा.

"दोन तारांचाच आहे, विहीणबाई. बसवल्यापासून जिने चढते, घर सांभाळते. तुमच्यापासून लपवला. म्हटलं, सासू आजारी म्हणून तुम्ही पोर द्यायच्या नाहीत."

आईने हंबरडा फोडला. सासूबाईंनी तिला कवटाळलं, पण धीर कुठल्या तोंडाने देणार?

वाचकहो, दोन्ही घरं भली होती, आणि दोन्ही घरांनी मिळून एक हसतीखेळती पोर घालवली. उद्या तुमच्या दारी स्थळ येईल, तेव्हा तुम्ही काय झाकाल?