हॉलमधली चिनी बरणी

डॉक्टरांनी शेजारच्या शालिकरामभाऊंचं लोणचं बीपीपायी बंद केलं आणि त्यांच्या सुनेनं, अंजूनं, घरातलं सगळं लोणचं त्याच दिवशी आमच्याकडं धाडून दिलं. सुनेची काळजी खरी, पण म्हाताऱ्याच्या ताटातली कैरीची फोड काढणं मला मुळीच पटलं नाही. संध्याकाळी भाऊ माळ्यावरची जुनी चिनीमातीची बरणी बगलेत मारून आले, तेव्हा मी ती गुपचूप लोणच्यानं भरून दिली.

दुसऱ्या दिवशी बरणी त्यांच्या हॉलमध्ये, टीव्हीशेजारी! तोंडाला फडकं बांधलेलं, वर प्लास्टिकची फुलं.

"थेट चीनहून आलेली हाये. शोभेची वस्तू. कोणी हात लावाचा नाई," भाऊंनी जाहीर केलं. सासऱ्याला चांगला छंद लागला म्हणून अंजू खूश. घर दुपारी निजलं की भाऊ फुलं बाजूला ठेवून बोटं चाटत बसायचे, हे तिला काय ठाऊक!

मग पुण्याहून अंजूची बहीण रुचिका आली. तिला जुन्या वस्तू मांडायचा भारी सोस.

"ताई, ही बरणी मी नेऊ?"

"ने की," अंजू म्हणाली.

भाऊ ताडकन उठले. "हात नोको लावू, पोरी! त्यात आमची देवी हाये. चिनीआई!"

मी दारातच होते. पदर तोंडात कोंबला म्हणून वाचले.

रुचिकानं घाबरून हात जोडले. अंजू म्हणाली, "मंग बाबा, देवीले टीव्हीजोळ काहून ठेवलं?" आणि तिनं बरणी उचलून थेट देवघरात नेली. तिथं भाऊंची बायको कस्तुराबाई दिवसभर माळ जपत बसलेली. भाऊ देवघराकडं जन्मात फिरकले नव्हते. आता कोणत्या तोंडानं जाणार? चार दिवस नुसत्या वरणभातावर काढले बिचाऱ्यांनी. मला खरंच वाईट वाटलं.

पाचव्या दिवशी भाऊ मुकाट्यानं आरतीला जाऊन बसले. मी त्यांच्या शेजारीच होते. कस्तुराबाईंनी सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. भाऊंच्या हातावर मात्र तेलानं माखलेली लालभडक फोड.

"मले नाक नाई का?" त्या त्यांच्या कानाशी पुटपुटल्या. "पयल्या दिसापासून वास येऊन राह्यला. रोज एकच भेटन. तेबी आरतीले बसले त."

भाऊंनी फोड कपाळाला लावून तोंडात टाकली. डोळे मिटून बराच वेळ चोखली. मग हळूच म्हणाले,

"अवं, सकायचीबी आरती करत जाऊ ना."