दिवसाला दहा लाथा

अडतिसावा आठवडा लागला आणि तिच्या पायांनी चपलांशी संबंध तोडले. एकही चढेना. घरात ती नवऱ्याच्या सपाता घालून फिरे. फिरणं म्हणजे पलंगापासून शिलाई मशीनपर्यंत, आणि तिथून दर अर्ध्या तासाला संडासापर्यंत. एका हॉटेलचे पडदे शिवून द्यायचे होते, आणि पडदे आधी की बाळ आधी, अशी शर्यत लागली होती.

नवरा मोजणीदार होता. दिवसभर लोकांच्या जमिनी मोजायचा आणि उरलेलं मोजमाप घरी आणायचा. दवाखान्यातल्या सिस्टरनी एवढंच सांगितलं होतं, "हालचालींकडे लक्ष असू द्या. नेहमीपेक्षा कमी वाटल्या तर लगेच कळवा." मोजणीदाराने घरी येऊन त्याचा तक्ता केला. दिवसाला दहा चौकोन, सुरुवातीची वेळ, शेवटची वेळ, शिवाय शेऱ्याचा रकाना. प्रत्येक लाथेला एक फुली.

ती शिवता शिवता फुल्या मारी. पोट इतकं पुढे आलं होतं की मशीनच्या टेबलाला ते टेकवूनच बसावं लागे. दहा फुल्या वीस मिनिटांत होत.

"आपलं पोर वेळेआधी काम उरकतं," नवरा म्हणे. "माझ्या ऑफिसात घेणार नाहीत त्याला."

बुधवारी दुपारी जेवण करून ती मशीनवर बसली आणि मोटरचा पट्टा तुटला. नवा आणायला नवरा संध्याकाळीच मोकळा होणार. मग ती तक्ता घेऊन खुर्चीत आरामात बसली.

अर्ध्या तासात एकही फुली पडली नाही.

तिने पोटावर हात ठेवला, गार पाणी प्यायली, डाव्या कुशीवर आडवी झाली. काही नाही. मग सहज तक्त्यावर नजर गेली. सोमवार वीस मिनिटं, मंगळवार अठरा. रविवार मात्र पावणेदोन तास. त्याआधीचा रविवारही तसाच. शेऱ्याच्या रकान्यात नवऱ्याने विनोदाने लिहिलं होतं, 'साप्ताहिक सुट्टी.'

रविवारी सुट्टी बाळाला नव्हती, मशीनला होती.

टेबल थरथरायचं, टेबलाला टेकलेलं पोट थरथरायचं आणि ती मोटरच्या फुल्या बाळाच्या नावावर मारत होती! मग बाळाच्या फुल्या किती? सोमवारी? काल? खरी लाथ शेवटची कधी लागली, हे तिला शपथेवरही सांगता आलं नसतं.

"आई!" तिने हाक मारली.

सासूबाई हात पुसत आल्या. बाळंतपणाच्या विषयात त्या स्वतःला शेवटचा शब्द मानत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"अगं, शेवटी शेवटी बाळ शांतच होतं. आत जागा कुठे उरते हातपाय मारायला? आमचे हे चिरंजीव तर शेवटचे पंधरा दिवस गप्प होते. अजून तरी कुठे बोलतात?"

तिला हसू आलं नाही. तिने दवाखान्यात फोन लावला.

"जागा कमी होते म्हणून हालचाल कमी होत नाही," सिस्टर म्हणाल्या. "लाथेऐवजी कूस बदलल्यासारखं वाटेल, पण वाटलं पाहिजे. आता मोजत बसू नका. निघा."

नवऱ्याचा फोन लागेना. तो कुठल्याशा माळावर होता. टॅक्सीत सासूबाई पहिला चौक येईपर्यंत बोलत होत्या. मग गप्प झाल्या. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि हे पहिल्यांदाच घडत होतं.

"आई, काहीतरी बोला ना."

"काय बोलू? मला आठवत नाही गं." सासूबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "छत्तीस वर्षं झाली. गप्प होता की नव्हता, देव जाणे. तू घाबरू नयेस म्हणून बोलले. मी असंच बोलते."

दवाखान्यात सिस्टरनी तिला आडवं केलं, पोटाला पट्टा बांधला आणि यंत्राचा गोल भाग फिरवायला लागल्या. खरखर. आणखी वर. खरखर. मग एक ठोका सापडला, संथ.

"हेच ना?" सासूबाईंनी विचारलं.

"हा यांचा स्वतःचा, बाळाचा नाही," सिस्टर म्हणाल्या आणि पुन्हा शोधू लागल्या.

तिने छताकडे पाहिलं. श्वास घ्यावा तर आवाज होईल आणि काहीतरी ऐकायचं राहून जाईल, म्हणून तोही धरून ठेवला.

मग डावीकडे, खाली, अचानक धावत्या पावलांसारखे ठोके सुरू झाले.

सासूबाई स्टुलावर बसल्या. स्टूल तिथे होतं म्हणून. नसतं तरी बसल्या असत्या.

पट्टा चांगला अर्धा तास राहिला. तेवढ्यात आतून काहीतरी सावकाश सरकलं, कुणी पांघरुणात पाय लांब करावा तसं. ती रडायलाच लागली. तिने सिस्टरना टेबलाची आणि मोटरची हकिगत सांगितली. सिस्टर हसल्या नाहीत. "उद्या शंका आली तर पुन्हा या. शंभर वेळा या," म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली. ठोके उत्तम होते, पण बाळाभोवतीचं पाणी कमी झालं होतं. "घरी नको पाठवायला. उद्या सकाळी कळा यायचं औषध देऊ."

"उद्या?" ती म्हणाली. "अजून दोन आठवडे आहेत ना?"

"होते."

खोलीत दोघीच उरल्या. नवऱ्याचा फोन एकदाचा लागला होता. तो वाटेत होता. काळजी मिटली म्हणावं, तर ती नुसती एका गोष्टीवरून दुसरीवर जाऊन बसली होती.

"आई, कळा कशा असतात हो?"

सासूबाईंनी सवयीने तोंड उघडलं, मिटलं, आणि तिच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"दुखतं," त्या म्हणाल्या. "खूप दुखतं. मी इथेच असेन."

तिने त्यांचा हात घट्ट धरला. भीती पहिल्याहून वाढली होती. पण दुपारपासून घरच्या माणसाने दिलेला, तिला खरा वाटलेला धीर हा पहिलाच.