सुक्या बोंबलांचं शिपिंग बिल

पेटीचं झाकण उघडलं आणि धम्मपालच्या पायाखालची जमीनच सरकली. सुक्या बोंबलांच्या मधोमध, हळदकुंकू लावलेला, शेंडीवाला अख्खा नारळ!

“हे काय?” कस्टमच्या रेवती मॅडमनी विचारलं.

काय सांगणार, कप्पाळ! पंधरा वर्षं सहार विमानतळाच्या कार्गोत लोकांचा माल कस्टममधून सोडवला, एक डाग नाही. शिपिंग बिलात लिहिलेलं: चाळीस पेट्या, सुके बोंबील. खाली सही त्याची. कागदात नसलेली वस्तू निघाली की माल अडकतो, आणि जाणूनबुजून खोटं लिहिलं असं ठरलं तर क्लिअरिंगचं कार्डच जातं. मग काय, घाटकोपरला वडे तळायचे?

आणि माल कुणाचा? माहुलच्या कोळीवाड्यातल्या सरूबाईचा. दलालाला बाजूला सारून बाईने पहिल्यांदाच दुबईला माल काढलेला. तिकडच्या दुकानदाराने बजावलं होतं, उद्या सकाळी पोचला नाही तर पुन्हा फोन करू नका. विमान चार वाजता, आणि घड्याळात एक वाजलेला. पेट्या भरताना धम्मपाल तिच्या दारात हजर होता, पण बाईने सुरमई वाढली आणि महाशय जेवत बसले. हात धुऊन बाहेर येतात तर पेट्यांना पट्ट्या मारून झालेल्या. वजन जरा जास्त भरलं, तेव्हासुद्धा “बोंबील दमट असतील” म्हणाला. शहाणा!

मॅडम कडक, पण खडूस नव्हत्या. “तुम्हाला इतकी वर्षं ओळखते. हा काढा. बाकीच्या पेट्यांत काही नाही असं लिहून द्या, सोडते.”

धम्मपालचा जीव भांड्यात पडला. भराभर लिहिलं. पण सही करताना मन खाऊ लागलं. बाजूला होऊन त्याने सरूबाईला फोन लावला.

“मावशी, पेटीत नारळ कशाला घातलास गं?”

“अरं, नारल दिल्याबिगर होरी दर्यान घालतान का?”

“बरं बाई, पण एकच ना?”

“येक कसा? येका होरीचा नारल दुसरीला चालतं का रं? चालीस पेट्या, चालीस नारल!”

म्हणजे बाईच्या लेखी प्रत्येक पेटी ही दर्यात सोडलेली एक होडीच! सही ठोकली की माल सुटत होता. मॅडम काही परत उघडून बघणार नव्हत्या.

मग त्याने कागद टराटरा फाडला. “मॅडम, सगळ्या पेट्या उघडा.”

चार वाजता विमान डोक्यावरून गेलं, तेव्हा सतरावा नारळ बाहेर निघत होता. खिशात फोन वाजला.

“सुटली का रं माजी होरी?” सरूबाई विचारत होती.