बिनक्लचची मोटर

आणीबाणी उठल्याच्या पुढल्या साली एकोडीच्या सत्यभामाबाईनं मोटर घेतली आणि अर्ध्या गावाला अन्न पचेना. तुमसरकडच्या खाणीवरचा कोणी साहेब देश सोडून चालला होता, त्याची ती गाडी. लांबीला बैलबंडीहून जास्त, रंग शिळ्या बेसनाचा, आणि आत दिवाण टाकावा तशी सीट. पोराला, टेकचंदला, ट्रॅक्टर पाहिजे होता.

"ट्रॅक्टरवर बसून सोयऱ्याच्या लग्नाले जातेत काय बे?" एवढंच ती म्हणाली. टेकचंद चाळिशीकडं झुकला होता तरी आईपुढं त्याचं तोंड फक्त जेवायला उघडायचं.

या मोटरीला क्लच नव्हता. खाली दोनच पायडल, आणि गिअर आपल्या मनानं पडायचा. लोक येत, वाकून पाहत, आणि तिसरं पायडल चोरीला गेलं का म्हणून विचारत. सत्यभामाबाईची मान तेवढी आणखी ताठ होई. "चूल आपसूक पेटत नाई, नवरा आपसूक उठत नव्हता, अन् हिचा गिअर आपसूक पडते," ती सांगे. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती, पण त्याच्या आळसाला तिनं अजून माफ केलं नव्हतं.

दुखणं एकच होतं. गाडी गचके द्यायची. निघताना आधी विचारात पडायची. इंजिन गुरगुरायचं, चाकं जागची हलायची नाहीत, आणि मग मागून कोणी लाथ घातल्यासारखी पुढं उसळायची. जरा वेग धरला की दुसरी लाथ. कवडू ड्रायव्हर म्हणायचा, "नवी हाये जी अजून." दहा हात फिरून आलेली गाडी नवी म्हणणारा माणूस बाईनं कामावर ठेवला होता, कारण तो आधी ट्रक चालवायचा आणि पगार कमी मागायचा.

एकट्या घरच्यांनी गचके खाल्ले असते तर कोणाला कळलं नसतं. पण सून उषा पोटुशी राहिली, डोहाळजेवण ठरलं, आणि अड्याळहून तिच्या आईला आणायला मोटर गेली. चंद्रभागाबाई म्हणजे इहीन. अंगानं भरलेली, जिभेनं त्याहून. अड्याळातून निघताना ती राणीसारखी बसली होती. एकोडीत उतरली तेव्हा बुचडा सुटलेला, कुंकू कानापर्यंत गेलेलं, आणि मांडीवरच्या टोपलीतल्या करंज्यांचा भुगा. पोरीच्या डोहाळजेवणात ती एक शब्द बोलली नाही. पुरणपोळ्या खाल्ल्या, ओटी भरली आणि परत जाताना एस.टी.त बसली. बोलली ती अड्याळात. साऱ्या बाजारात तिनं सांगितलं, "मोटर कायची वो, गोऱ्हा हाये. खांद्यावर जू न पडलेला गोऱ्हा!"

आणि वर निरोप धाडला. "सातवा सरला का मी यष्टीनं येईन अन् पोरीले यष्टीनंच बाळंतपणाले आणीन. माह्या पोरीचं पोट काय ताकाचा डेरा हाये, घुसळाले?"

निरोप ऐकून सत्यभामाबाईच्या हातातलं सूप थांबलं. दारात मोटर उभी आणि घरची सून एस.टी.च्या रांगेत! असं झालं तर त्या मोटरीत कोंबड्या कोंडायच्या आणि आपण वर बसून अंडी विकायची, दुसरं काय उरतं? सातवा सरायच्या आत मोटरीची खोड मोडलीच पाहिजे, असं तिनं मनात धरलं.

साकोलीहून भैय्याजी मिस्त्री आला. ट्रक आणि जिपा दुरुस्त करण्यात त्याचं नाव होतं. अशी गाडी त्यानं जन्मात पाहिली नव्हती, पण 'मले येत नाई' हे तीन शब्द त्याच्या आईनं त्याला शिकवले नव्हते. त्यानं इंजिनखालचे रबर बदलले. गचका राहिला. मागचे जॉइंट कसले. गचका राहिला. ब्रेक खोलून पुन्हा बसवले, तर गचक्याच्या जोडीला किंचाळीही आली.

"गिअरचं तेल पाह्यलं काय?" बाईनं विचारलं. खाणीवरच्या साहेबानं जाताना बजावलं होतं की गिअरचं तेल वेगळं, ते पाहायची काडीही वेगळी. लाल तेलाचे डबेही त्यानं सोबत दिले होते. ते धानाच्या कोठीमागं धूळ खात पडले होते.

"पाह्यलं जी. खुणेपर्यंत गच्च भरून हाये. वरून टाकलं त उलटं बिघडन."

प्रत्येक वेळी काडी पाहिली आणि प्रत्येक वेळी गच्च. पाहताना बाई स्वतः उभी असायची, कारण तिचा कायदा होता, गाडी थांबली का चावी बंद. इंजिनावरचं टोपण उचलायच्या आधी ती ओरडायची, "चावी फिरव आधी! पेट्रोल काय तुह्या बापाच्या विहिरीतून शेंदून आणते?" देवळापुढं हात जोडायला थांबली तरी बंद. वाटेत म्हैस आडवी आली तरी बंद.

दुसरा ताप कवडूचा. रोज सकाळी मोटर अंगणातून हलली की खाली लाल डाग. कवडूच्या तोंडात चोवीस तास पान.

"गोठ्यात थुंक, धुऱ्यावर थुंक, माह्या मोटरखाली काहून थुंकतं बे?"

"आईची आन जी, मी नाई थुंकलो," कवडू म्हणे. पण तोंडात पिचकारी धरून घेतलेली आन कोण खरी मानणार?

मग एक दिवस बाई स्वतः पुढच्या सीटवर बसली. कवडूच्या तोंडाकडं न पाहता तिनं त्याच्या पायांकडं पाहिलं. इंजिनचा आवाज चढला, गिअर बदलायची वेळ आली, आणि कवडूचा डावा पाय आपोआप उठला, क्लच शोधत खाली गेला आणि रुंद ब्रेकवर धाडकन पडला. दोघांची कपाळं काचेला लागता लागता राहिली.

"तो पाय कोणाचा हाये?"

"माह्याच हाये जी."

"मंग त्याले सांग, क्लच नाई म्हणून!"

"सांगतो जी. आयकत नाई. ट्रकची सवय हाये त्याले."

"आयकत नाई त मांडीखाली घाल."

तेव्हापासून कवडू डावा पाय मुडपून, पंगतीत बसावं तसा मोटर चालवू लागला. चौकातली पोरं विचारत, "कवडूभाऊ, वरण वाढू काय?" त्यानं निम्मे गचके गेले. उरलेले निम्मे मात्र मोटरीचे स्वतःचे होते. निघताना तेच थबकणं आणि तीच लाथ.

दिवस सरत आले. उद्या सकाळच्या एस.टी.नं इहीन येणार म्हणून निरोप आला, आणि त्याच दिवशी मोटरीनं आवाजच द्यायचं सोडलं. किल्ली फिरवली की नुसतं टक्. गडी बोलावले. देवळापासून तलावाच्या पाळीपर्यंत सगळ्यांनी रेटलं, धोतरं घामानं भिजली, मोटर काही बोलेना. रेटून चालू होणारी ही जातच नव्हती, पण ते कळायला पाळ यावी लागली.

भैय्याजी एका ट्रकची बॅटरी खांद्यावर घेऊन आला. तारा जोडल्या, गाडी धडधडली, तारा काढल्या. "आता बंद करू नका जी, बॅटरी भरतपर्यंत. तुमी घडोघडी बंद-चालू, बंद-चालू करता, त्यात तिचा जीव गेला."

"जीव तुह्या हातगुणानं गेला," बाई म्हणाली.

पण बंद करता येत नव्हती हे खरं. पाळीवरून घरी आणलेली मोटर अंगणात उभी राहून भकभक पेट्रोल पीत होती आणि सत्यभामाबाई खाटेवर बसून पाहत होती. कोणी आपल्या नरड्याला नळी लावून रक्त ओढावं तसं तिला होत होतं. शेवटी राहवलं नाही. "नुसती जळून राहिली. चालूच हाये त कामाचं काही पाह्य. ते तेलाची काडी काढ."

भैय्याजी हसला. "चालू इंजिनात तेल पाह्यत नसतेत जी. जीप असो का ट्रक, बंद करूनच."

"काहून?"

"काहून म्हणजे... तसं असते."

"तुह्या काकाच्या पोटावर गोंदलं हाये काय तसं? काढ!"

"पंख्यात हात जाईन जी."

बाईनं पदर कमरेला खोचला, त्याला कोपरानं बाजूला सारलं आणि स्वतः काडी उपसली. पुसली, आत घातली, पुन्हा काढली. वर धरून पाहिली. खुणेपर्यंत तर सोडाच, काडीच्या टोकाला मुंगीच्या तोंडाएवढं लाल लागलं होतं.

भैय्याजीनं काडी घेतली, पुन्हा बुडवली. पुन्हा कोरडी. "मागल्या खेपी त गच्च होती! मी माह्या डोयानं पाह्यली!"

तलावाखाली धान लावणाऱ्याच्या घरी, तुडमाचं दार उघडून पाणी सोडण्यात बाईचा जन्म गेला होता. "तलावाचं तुडूम बंद असते तवा पाळीवरून पाह्यलं त तलाव भरलाच दिसते का नाई? तुडूम उघडलं, पाटानं पाणी बांध्यांत सुटलं, का मंग दिसते खाली चिखल किती अन् पाणी किती. हिचं तेलही गाडी चालू असली का पाटानं जाते. बंद केली का माघारी येते. तू दर खेपी तुडूम बंद करून पाह्यत होता, भैताडा!"

कवडू हळूच म्हणाला, "चावी बंद कराले त तुमीच..."

"तू गप. तुले कोणी इचारलं? आधी थुंकणं बंद कर, मंग तोंड उघड."

कवडूनं तोंड उघडलं. चांगलं आ वासून, घशापर्यंत. गाडी रेटताना पान कुठंतरी पडलं होतं आणि आत दातांखेरीज काही नव्हतं. मग त्यानं बोटानं मोटरीखाली दाखवलं. सगळ्यांच्या देखत एक लाल थेंब टपकला. मागून दुसरा.

बाई वाकली. थेंब बोटावर घेतला, नाकाशी नेला. तेल.

भैय्याजी खाली घुसला. गिअरच्या तळाशी परातीसारखं पत्र्याचं भांडं होतं, त्याचे नटबोल्ट सैल होऊन पाझरत होते. त्यानं ते कसले. कोठीमागचे डबे आले. थोडं ओत, काडी पाह्य, थोडं ओत, काडी पाह्य, असं करत चालू मोटरीत तेल खुणेला आणलं. कवडू अजून अपेक्षेनं उभा होता.

"असा काय पाह्यतं?" बाई म्हणाली. "थुंकत त तू होताच. जागा चुकली सांगण्यात, येवढंच."

साकोलीच्या सडकेवर मोटर नेऊन पाहिली. गिअर कधी पडला ते कळलं नाही. रागावलेल्या सासूसमोरून सून पाण्याचा गुंड घेऊन जाते तशी ती पहिल्यातून दुसऱ्यात गेली. पाऊल वाजलं नाही.

सकाळी चंद्रभागाबाई आली. ओसरीवर बसली, पाणी प्यायली, आणि चहाच्या आधीच म्हणाली, "उषे, गाठोडं बांध. साडेदहाची यष्टी हाये."

"मोटर उभी हाये, इहीनबाई."

"उभी हाये तवरच बरी हाये, इहीनबाई. चालली का माणसं आडवी होतेत."

"मोटर सुधरली. माणसाची जीभ सुधरवणारा मिस्त्री तेवढा सापडला नाई अजून."

"सापडला का आधी सोताची दाखवा त्याले!"

दोघी आणखी चढल्या असत्या, पण उषा मधे बोलली. या घरात आल्यापासून ती मोजकंच बोलायची, म्हणून दोघी थबकल्या. "आई, मी मोटरनं जाईन. यष्टीत मले मळमळते." सत्यभामाबाईचा चेहरा फुलला, तोच ती सासूकडं वळली. "पण आत्याबाई, एकही गचका बसला ना, त मी लाखनीले उतरून यष्टी पकडीन."

या पोरीच्या अंगात एवढं पाणी होतं हे सासूला त्या दिवशी कळलं. राग यायला हवा होता, पण उलट बरं वाटलं.

इहिनीला मानानं पुढं बसवलं. ती दोन्ही हातांनी समोरची फळी धरून बसली, डोळे सडकेवर, ओठ घट्ट. मागं सासू आणि सून. कवडू डावा पाय मुडपून. सडक लागली, मोटर वेग घेऊ लागली, आणि सत्यभामाबाईनं सगळ्या देवांना एका दमात हाक मारली. काही झालं नाही. साकोली गेली. चंद्रभागाबाईनं एक हात सोडला. लाखनीच्या स्टँडवर एस.टी. उभी होती. सासूनं सुनेकडं पाहिलं, सुनेनं खिडकीबाहेर. मोटर पुढं गेली. मग चंद्रभागाबाईचा दुसराही हात सुटला, मान मागं कलली, तोंड उघडलं, आणि मोटरीत पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखं घोरणं घुमू लागलं.

अड्याळला बाजार भरला होता. कवडू घराकडं वळवू लागला तसा मागून दबका आवाज आला.

"घरी नको. बाजारातून घे. हळू."

उषानं पदर तोंडाशी धरला. मोटर बाजारातून निघाली. भाजीवाल्या, कासार, चिवडेवाला, सगळे पाहू लागले. गोऱ्ह्याची गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली होती. आणि त्याच गोऱ्ह्यावर चंद्रभागाबाई आ वासून झोपली होती.

"आणखी एक डाव घे," सत्यभामाबाई म्हणाली.

दुसऱ्या फेरीला चिवडेवाल्यानं घंटी वाजवली आणि चंद्रभागाबाई दचकून उठली. लाळ पुसली, पदर सावरला. "अड्याळ आलं काय वो?"

"आलं ना. दोनदा आलं."

चंद्रभागाबाईनं काचेतून बाहेर पाहिलं. बाजार हसत होता. तिनं पोरीकडं पाहिलं. उषा पोट धरून हसत होती आणि पोट जागच्या जागी शाबूत होतं.

"मी झोपली नव्हती. डोये मिटून देवाचं नाव घेत होती."

"आयकलं साऱ्या बाजारानं. मोठ्यानं घेता तुमी."

घरापुढं मोटर थांबली. उषाला हात धरून उतरवलं, गाठोडं आत गेलं. सत्यभामाबाई दारातच उभी राहून म्हणाली, "बाळंत झाली, सव्वा महिना झाला, का न्याले मी येईन. याच मोटरनं. तवा यष्टीचं नाव काढाल त पाह्यजा."

चंद्रभागाबाईनं मोटरीकडं एकदा पाहिलं, बॉनेटवर तळहात ठेवून पाहिला, बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा.

"या," ती म्हणाली. "मीही येईन नातवासंग एकोडीले. पण पुढची सीट माही."