पाठीमागून मारलेली हाक

“कीर्ति, बूट घाल म्हटलों ना?” साईराम तिसऱ्यांदा ओरडला.

शाळेची व्हॅन कोपऱ्यावर यायची वेळ झाली होती, आणि साडेचार वर्षांची त्याची लेक फरशीवर बसून डाव्या बुटात बोट घालून आतली वाळू उकरत होती. साईरामला नाचियार्कोविलकडच्या एका शेतावर बोअरची मोटार वर काढायला जायचं होतं. माणसं केव्हाच जमली असतील.

“बहिरी झालीस कां तूं? रोज किती ओरडूं?” असं म्हणत त्याने तिच्या पाठीत एक धपाटा घातला. फार जोराचा नव्हता. कीर्ति दचकून मागे वळली आणि अप्पा इतक्या जवळ उभा आहे हे पाहून हसली.

तेवढ्यात स्वयंपाकघरात लक्ष्मीप्रियाच्या हातून पाण्याचा रिकामा स्टीलचा हंडा निसटला. तंजावरकडच्या मेलकावेरी गावातलं ते दोन खोल्यांचं घर दणाणून गेलं. चटईवरचा दहा महिन्यांचा कार्तिक अंग आक्रसून किंचाळायला लागला. साईराम स्वतःही दचकला. कीर्ति मात्र पुन्हा बुटातली वाळू काढत होती. कार्तिकचं वाकडं झालेलं तोंड दिसलं तेव्हा कुठे तिने बूट टाकला आणि त्याच्या पोटावर हात ठेवला. तो का रडतोय हे तिला कळलंच नव्हतं.

साईराम जागच्या जागी उभा राहिला. मग आत जाऊन त्याने एक झाकण आणि पळी आणली. कीर्तिच्या मागे उभं राहून झाकणावर पळी मारली. पुन्हा मारली.

“काय करतां तुम्ही?” कार्तिकला उचलायला आलेली लक्ष्मीप्रिया म्हणाली. “वेळ झाला.”

“हें धर. तूं मार. मज तिचे डोळे पाहूं दे.”

तो मुलीसमोर उकिडवा बसला. लक्ष्मीप्रियाने काही न कळून झाकणावर पळी आपटली. कीर्तिची पापणीसुद्धा हलली नाही. अप्पाचा चेहरा पाहून मात्र तिचं हसू हळूहळू मावळलं.

बाहेर व्हॅनने दोनदा हॉर्न दिला आणि ती निघून गेली.

कीर्ति उशिरा बोलायला लागली होती, आणि जे बोलायची तेही बोबडं. पण त्याचं उत्तर घरात तयार होतं. साईरामचे वडील अप्पाराव सगळ्यांना सांगायचे, “आमच्या घरांत मराठी, रस्त्यावर तमिळ. पोरीचे पाय दोन होड्यांत. उशीर होणारच. साईराम तरी कोठें लवकर बोलला?” सगळ्यांना ते पटलं होतं. साईरामलाही. बारा वर्षं तो पंप दुरुस्त करत होता. मोटारीचं बेअरिंग गेलंय की पंख्यात गाळ अडकलाय, हे तो बांधावर उभा राहून नुसत्या आवाजावरून सांगत असे. लोक त्यासाठी त्याला लांबून बोलवायचे.

गावातल्या डॉक्टरांनी कान तपासले आणि चिठ्ठी देऊन त्याच दिवशी तंजावरला पाठवलं. कार्तिकला शेजारी सुब्बलक्ष्मीमामींकडे ठेवून तिघं बसमध्ये बसली.

तिथे तपासणी करणारी महालक्ष्मी नावाची तरुण बाई होती. तिने कीर्तिच्या कानांवर हेडफोन चढवले, पुढ्यात रंगीत ठोकळे आणि एक बादली ठेवली. आवाज आला की ठोकळा टाकायचा, हे तिने खुणांनी शिकवलं. कीर्तिने ठोकळा टाकला. दुसरा टाकला. साईरामचा जीव भांड्यात पडला. “ऐकूं येतं तिला,” तो बायकोच्या कानाशी पुटपुटला.

महालक्ष्मीने नकारार्थी मान हलवली आणि स्वतःच्या चेहऱ्यापुढे एक कागद धरला. कीर्तिचा हात हवेतच राहिला. ती कागदाच्या कडेवरून बाईचे डोळे शोधत होती. पुढचा ठोकळा खूप वेळाने पडला.

“ती आवाजाला ठोकळा टाकत नव्हती,” बाई तमिळमध्ये म्हणाली. “माझ्या चेहऱ्याकडे बघून टाकत होती. फार हुशार आहे. म्हणूनच तुम्हाला पत्ता लागला नाही. आधी थोडं ऐकू येत असेल, मग कमी होत गेलं असेल. दोन वर्षं तरी झाली असतील.”

दोन वर्षं. साईरामने त्या दोन वर्षांतले धपाटे मनात मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

“घरी गोष्टी सांगता का?” बाईने विचारलं. “तेव्हा कशी बसते?”

लक्ष्मीप्रियाने उत्तर दिलं. “ह्यांच्या मांडीवर. ह्यांच्या गळ्यावर हात ठेवून. रोज तसंच.”

“हे तिला कोणी शिकवलं?”

“कोणीच नाही.”

“बोलताना गळा थरथरतो ना, ते तिच्या हाताला कळतं,” महालक्ष्मी म्हणाली. “तेवढंच तिला मिळत होतं.”

साईरामने खाली पाहिलं. रोज संध्याकाळी कामावरून आला की दहा मिनिटं तो तिला गोष्ट सांगायचा. मगर, माकड, जांभळाचं झाड. सांगता सांगता मोबाइलही बघायचा. तिचा तो घामट, चिकट तळवा गळ्यावर आला की त्याला गुदगुल्या व्हायच्या. “हात काढ गे,” असं म्हणून तो हात बाजूला करायचा. ती पुन्हा ठेवायची. तो पुन्हा काढायचा. काही दिवस वैतागून त्याने गोष्टच अर्ध्यावर सोडली होती.

खिशातला फोन वाजला. तो बाहेर आला. शेतमालक विचारत होता, अजून का आला नाहीस, माणसं उभी आहेत. पलीकडून तो गृहस्थ “हलो, हलो, ऐकू येतंय का?” म्हणत राहिला. साईरामने फोन बंद केला आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला. समोरून माणसं जात होती. कोणीतरी त्याला पाणी हवंय का म्हणून विचारलं. त्याने मान हलवली, पण ती हो म्हणून की नको म्हणून, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

परतीच्या बसमध्ये कीर्ति खिडकीशी, आईच्या शेजारी बसली. ती बाहेरच्या भातशेतांकडे पाहत आपल्या भाषेत काहीतरी सांगत होती. साईराम तिच्या मागच्या सीटवर होता.

“कीर्ति,” त्याने हळूच हाक मारली. मग जरा मोठ्याने, “कीर्ति.”

“पुरे करा आतां,” लक्ष्मीप्रिया मागे न वळता म्हणाली.

तीन आठवड्यांनी दोन्ही कानांना यंत्रं बसली. सगळं ऐकू येणार नाही, बोलणं शिकवावं लागेल, वर्षं लागतील, असं महालक्ष्मीने स्पष्ट सांगितलं होतं. पहिले तीन दिवस कीर्तिने ती ओढून काढली. एकदा पलंगाखाली टाकली. साईराम प्रत्येक वेळी शोधून आणायचा, तिच्यासमोर बसायचा आणि पुन्हा घालायचा. त्या आठवड्यात त्याने दुपारनंतरची कामं घेतली नाहीत.

रविवारी सकाळी तो कार्तिकला भरवत होता. कीर्तिने येऊन त्याची बाही ओढली आणि वर बोट दाखवलं.

“हें ताय?”

“पंखा,” तो म्हणाला. “पंख्याचा आवाज.”

थोड्या वेळाने पुन्हा बाही ओढली. ती कोपऱ्याकडे पाहत होती. “हें ताय?”

“फ्रिज.” अकरा वर्षं त्या फ्रिजची घरघर त्यालाही ऐकू आली नव्हती.

मग बाहेरचा कावळा झाला, कार्तिकचं मिटक्या मारणं झालं. ती विचारत राहिली आणि तो सांगत राहिला. एवढ्यात ती थांबली. मान तिरपी करून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहू लागली. आत लक्ष्मीप्रिया पाठमोरी उभी राहून भाजी चिरत होती.

“हें ताय?” कीर्तिने विचारलं.

साईरामने कान दिला. पंखा होता, फ्रिज होता. आणि त्यांच्याखालून, अगदी बारीक, नाक ओढल्यासारखं काहीतरी. लक्ष्मीप्रिया रडत होती. गेला महिनाभर ती अशीच, मुलीकडे पाठ करून रडून घेत असणार. आजवर पाठ केली की पुरत होतं.

तो काहीतरी दुसरं सांगू शकला असता. नळ म्हणाला असता तरी तिने ऐकलं असतं.

“अम्मा,” तो म्हणाला. “अम्मा रडते.”

कीर्ति त्याच्या ओठांकडे पाहत राहिली. मग त्याची बाही सोडून, एका हाताने कानातलं यंत्र दाबून धरत, ती स्वयंपाकघराकडे चालायला लागली.