धाकट्या महालक्ष्मीची हाक

आमच्या मराठीपाऱ्याचा, म्हणजे इथल्या मराठी वस्तीचा, इतिहास मी कधीपासून लिहितो आहे. भोसल्यांच्या काळात काही घरं रायपूरजवळच्या या खेड्यात येऊन राहिली, इथवर जमतं. 'ती आजही इथेच आहेत' हे पुढचं वाक्य खोटं वाटतं, म्हणून खोडतो.

पाऱ्यात आता एकट्या इंदूवहिनी उरल्या आहेत. पाऱ्याच्या दोन पितळी मुखवट्यांच्या महालक्ष्म्यांपैकी थोरली त्यांच्याकडे असते. धाकटी आमच्या घरची, म्हणून मी रायपूर शहरात, तात्यापाऱ्यात राहायला गेलो तेव्हा ती माझ्यासोबत आली. भाद्रपदात आमच्या घरच्या बाईने तिला उराशी धरून थोरलीकडे न्यायचं. वाटेत प्रत्येक दारात हाक द्यायची, आतून ओ आली की पुढे जायचं. गेल्या वर्षापर्यंत माझी बायको शारदा हे करायची. यंदा शारदा नाही.

मुखवटा उपरण्यात धरून, कुलूपबंद दारांसमोरून मी मान खाली घालून गेलो आणि वहिनींची कडी वाजवली.

"कोन?"

"मी नरहर."

"मी तं महालक्ष्मीची वाट पाहून राहिली."

"आणलीय, वहिनी."

"हाक नाही आली. मंग काहून उघडू?"

"सगळीकडे कुलपं आहेत. हाक कोणाला देऊ?"

"म्हनून देवी चोरून आनता? मागं जा, पहिल्या दारापासून या." मग आवाज उतरला. "दसऱ्याले माझा पोरगा शिशिर मले रायपूरले, चौबे कॉलोनीतल्या फ्लॅटात नेऊन राहिला, भाऊजी. पाऱ्यातली ही शेवटली महालक्ष्मी."

मी मागे गेलो. शाळेतही हजेरीला माझा आवाज फुटत नसे. पहिलं दार यज्ञेश्वरांचं होतं. कुलपावर गंज चढला होता. रस्त्यावर कोणी नाही हे आधी पाहून घेतलं.

"यज्ञेश्वरांच्या घरी महालक्ष्मी आली!"

आवाज चिरकला. आता पुढे कसं जायचं, असा विचार करत उभा राहिलो. तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून, बंद दाराआडून, वहिनींची ओ आली, "येऊ द्या!"

पुढे विनायकरावांचं घर. मग ज्यांची भिंतही उरली नाही, ते भार्गवांचं. तिथे गवतासमोर उभं राहून मी भार्गवांचं नाव घेतलं. प्रत्येक घराची ओ वहिनींनीच दिली. शेवटी शेवटी त्यांना धाप लागली होती.

त्यांच्या दारात पोचलो.

"कोनाच्या घरची आली?"

"शारदाच्या."

कडी निघाली. वहिनींनी मुखवट्याला कुंकू लावलं, थोरलीशेजारी बसवलं.

"पुढच्या साली लिफ्टनं याल ना, तं दारादारात हाक देत या. हाकेबिगर फ्लॅटही उघडनार नाही मी."

"शेजारी काय म्हणतील, वहिनी?"

"ओ देतील."

"हव," मी त्यांच्याच बोलीत हो म्हणालो.